राखणदारापुढचं गाऱ्हाणं

"वहिनी, ह्या खडपावरची कालवं तुमच्या घरी कोण कोण खातं?"

शर्वाणी मॅडम पोटरीभर चिखलात उभी राहून मला विचारत होती. सुकती लागून खाडीचं पाणी पार खाली उतरलं होतं. आमच्या घरामागचं कातळाचं खडप उघडं पडलं होतं आणि मी उकिडवी बसून कोयतीच्या टोकाने कालवं फोडत होते. ऊन डोक्यावर आलेलं, कंबरेचा काटा ढिला झालेला, आणि ह्या बाईला चौकशा सुचत होत्या.

"कोण कोण म्हणजे? घरात आहेत तेवढी सगळी खातात. मांजरसुद्धा खातं," मी म्हटलं.

"आणि दर्शना?"

"तिचं तर विचारूच नका. दुसरं काही पानात वाढलं की नाक मुरडते. आजारी पडल्यापासून पोटात काही ठरत नाही तिच्या, म्हणून तर ही काढतेय. कालवाच्या रश्शाने अंगात जीव येतो पोरांच्या."

बाई पुढे झाली, माझ्या पुढ्यातली टोपली उचलली आणि सरळ चिखलात उपडी केली.

"अहो मॅडम! डोकं फिरलं काय तुमचं?" मी ओरडलेच. "सकाळपासून कंबर मोडून काढलीत ती मी!"

"ओरडा. हवं तेवढं ओरडा. पण ही तिला द्यायची नाहीत. आज नाही आणि पुढेही नाही."

तिचा चेहरा बघून माझा आवाज खाली आला. एरवी हसतमुख बाई ती. मासळीच्या कॉलेजात शिकवायची. आमच्या वाडीतल्या जयवंताने तिला बोलावून आणली होती, खाडीचं पाणी तपासायला. गेल्या खेपेला तिने खाडीभर हिंडून ठिकठिकाणचा चिखल नि कालवं डब्यांत भरून नेली होती. दर्शूला बघून तिला काय वाटलं कोण जाणे, तालुक्याच्या डॉक्टरकडे नेऊन पोरीचं रक्तही तिनेच काढायला लावलं होतं. आज परत आली ती थेट आमच्याच खडपावर. बाकी कुठे बघितलंसुद्धा नाही.

तिला बोलवायचं कारण म्हणजे तो कारखाना. खाडीच्या वरच्या अंगाला मुलामा चढवायचा कारखाना आला होता. नळ, गाड्यांचे दांडे, असल्या वस्तूंना तिथे चकाकी द्यायचे. तो आला आणि कांदळपाटाच्या खाडीला कधी हिरवट तर कधी पिवळट फेस यायला लागला. मासे उलटे होऊन तरंगायचे. जाळ्यात हात घातला की कातडी चरचरायची. आणि त्याच सुमाराला माझी दर्शू आजारी पडली. चार वर्षांची पोर, वाडीभर तुरुतुरु धावणारी, ती पोट धरून गडाबडा लोळायला लागली. ओठ पांढरेफटक झाले. आदल्या दिवशी तर तिला आकडी आली होती. डोळे फिरवून ताठ झाली आणि मला वाटलं, गेली माझी पोर. माझा नवरा तेव्हा कारवारच्या बाजूला ट्रॉलरवर होता. घरात मी, दर्शू आणि माझे सासरे, एवढीच माणसं.

माझे सासरे म्हणजे भिकाजी सारंग. होडीवरचे म्होरके म्हणून गाव त्यांना भिकू तांडेल म्हणायचं, मी मामा म्हणायचे. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेल्या, त्यामुळे घरातलं बाईमाणूस मीच. मला कधी 'अगो' सोडून कडक शब्द त्यांनी दिला नाही. आणि दर्शू म्हणजे तर त्यांचा प्राण. तिला आधी घास भरवायचे आणि मग स्वतः जेवायचे. वाडीचा मान त्यांच्याकडे होता, म्हणजे राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच.

आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला, सुरंगीच्या झाडाखाली राखणदार आहे. देऊळ नाही, मूर्ती नाही, एक उभा दगड. गावावर काही संकट आलं की मानकऱ्याने नारळ हातात धरून त्याच्यापुढे उभं राहायचं आणि गाऱ्हाणं घालायचं. तो एक वाक्य बोलणार आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून हुंकार भरायचा. हुंकार मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं देवाकडे पोचत नाही. मानकरी किती का मोठा असेना, एकट्याचा शब्द तिथे चालत नाही.

तर दर्शू आजारी पडली तेव्हा मामांनी कारखान्यावर गाऱ्हाणं घातलं होतं. सगळी वाडी जमली होती. मामांच्या आवाजाने अंगावर काटा आला.

"बा राखणदारा म्हाराजा! ज्येणी कोणी ह्या खाडयेत विख घातल्यान आसात, तेका तू सोडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमची पोरा जशी तळमळतत, तशी तेची तळमळांदेत!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या घरात दिवो लावक कोण रवाक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दर्शू माझ्या कंबरेवर होती. तिचं गरम डोकं माझ्या खांद्यावर टेकलेलं, आणि सगळ्या वाडीत माझाच आवाज मोठा होता.

म्हणून खडपावर मी मॅडमला म्हटलं, "कारखान्याचं विष ना? ते आम्हाला ठाऊक आहे. त्याचं काय करायचं ते राखणदार बघेल. तुम्ही औषध काय ते सांगा."

"कारखान्याच्या पाण्यात विष आहेच," ती म्हणाली. "ते मी कुठेही सांगेन, कोणालाही सांगेन. पण दर्शनाच्या रक्तात सापडलंय ते शिसं. त्या कारखान्यात शिसं वापरतच नाहीत, वहिनी. मी खाडीभराची कालवं तपासली. शिसं आहे ते फक्त ह्या खडपावर. इथून थोडं वर गेलं की नाही, खाली गेलं की नाही. मला आधी माझंच चुकलं असं वाटलं, म्हणून पुन्हा तपासून घेतलं. ह्या खडपाच्या वर काय आहे?"

वर काय असणार? आमचा मांगर होता, जाळी-सामान ठेवायची खोपटी. मांगराच्या कौलांतून धूर निघत होता. मामांची भट्टी पेटलेली होती.

जाळं पाण्यात बुडायला खालच्या दोराला शिशाच्या गोळ्या लागतात. अख्ख्या वाडीच्या जाळ्यांच्या गोळ्या मामाच ओतायचे. तांडेलपण मुलाकडे दिल्यावर तेच त्यांचं काम होतं आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पूर्वी शिशाच्या पट्ट्या बाजारातून यायच्या. मग ट्रॉलर आले, ट्रक आले, आणि जुन्या बॅटऱ्या ढिगाने मिळायला लागल्या. मामा त्या फोडायचे, आतलं शिसं वितळवायचे. उरायचं ते आंबट पाणी नि काळा गाळ. ते मांगरामागच्या चरातून खाडीत सोडायचे. पण कधीही सोडायचे नाहीत हां! भरती असेल तर ती घाण गावाकडे येईल, दुसऱ्याच्या दारात जाईल, म्हणून सुकतीची वाट बघत बसायचे. पाणी उतरायला लागलं की मगच बादली ओतायची. वाडीत कोणी भरतीच्या पाण्यात राख जरी टाकली तरी मामा त्याला दहा शिव्या हासडायचे.

आणि दर्शू दिवसभर त्यांच्याजवळ, भट्टीच्या उबेला. तिच्यासाठी ते शिशाची एवढीशी मासोळी ओतून द्यायचे. ती तिच्या मुठीत असायची, नाहीतर तोंडात.

मी मॅडमला सगळं सांगितलं. सांगता सांगता माझ्याच कानांना ऐकू यायला लागलं मी काय बोलतेय ते.  विष आमच्या घरातून येत होतं. आणि ज्याच्या घरातून येतं त्याच्या घरात दिवा लावायला कोणी राहू नये, असं आम्ही देवाला सांगून बसलो होतो. मीच ओरडून सांगितलं होतं. दिवा लावायला आमच्या घरात दर्शूशिवाय होतं कोण?

मी कोयती तिथेच टाकली आणि चिखल तुडवत मांगराकडे धावले.

मामा भट्टीपुढे बसले होते. दर्शू शेजारी गोणपाटावर पडली होती. माझी चाहूल लागली तसे ते मान वळवून म्हणाले, "काय गो, कालवां खय? रिकाम्या हातान इलंस?"

"मामांनू, भट्टी विझवा."

"कित्याक?"

"विझवा म्हणतंय मा!"

त्यांच्यावर मी आवाज चढवायची ती पहिलीच वेळ.  मी दर्शूला उचलली, तिच्या तोंडात बोट घालून ती मासोळी काढली आणि बाहेर चरात भिरकावून दिली. दर्शू रडायला लागली. तोवर मॅडम धापा टाकत पोचली होती. तिने मामांना सगळं नीट समजावून सांगितलं. शिसं म्हणजे काय, ते अंगात कसं साठतं, लहान पोराच्या मेंदूला कसं धरतं. मामांनी ऐकून घेतलं आणि ते चक्क हसले.

"शिसां? गे बाये, माझो आजो शिसां वितळवी, बापूस वितळवी. मी जल्मभर दातान चावन शिसां जाळ्याक लावलंय. माका काय झालां? हे बघ दात!"

"काका, तुमचं हाड जुनं आहे. ही चार वर्षांची आहे. आणि तुमच्या आजोबांनी बॅटऱ्या फोडल्या नव्हत्या."

"पण मी सुकतीक सोडतंय! भरतीक एक थेंब सोडूक नाय कधी. दर्यो व्हरता सगळां."

"सगळं नाही नेत, काका. खडपाच्या आडोशाला पाणी फिरतं, गाळ तिथेच बसतो. कालवं तेच पाणी पितात. त्यांना ते बाहेर टाकता येत नाही. तीच कालवं दर्शना रोज खाते."

"ह्याच खडपार? दुसरीकडे खय नाय?"

"दुसरीकडे कुठेही नाही."

 हातातला चिमटा मामांनी हळूच खाली ठेवला. भट्टीतलं शिसं चकाकत होतं, त्याच्याकडे बघत ते बसून राहिले. मला वाटलं, आता शिशाचं काही विचारतील. पण त्यांनी मॅडमला काही विचारलंच नाही. माझ्याकडे वळले.

"तिलू, त्या दिसा गाराणां कोणी घातलां?"

मी दर्शूचं तोंड पदराने पुसत राहिले.

"मीच मा?"

"मामा, ता आता ऱ्हवांदे. चेडवाक आधी दवाखान्यात नेवया."

"मीच घातलंय," ते म्हणाले.  "माझ्याच तोंडान."

मॅडमला ह्यातलं ओ की ठो कळलं नाही. तिने आपलं माझा दंड धरून सांगितलं की जीप बाहेर उभी आहे, गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात अंगातलं शिसं बाहेर काढायचं औषध मिळतं, आत्ताच्या आत्ता निघायला हवं. "काल आकडी आली होती ना तिला? तशी पुन्हा येऊ शकते. आणि पुढची आली तर मी काहीच सांगू शकत नाही, वहिनी."

मी घरात गेले, दोन लुगडी आणि दर्शूचे कपडे पिशवीत कोंबले, पोरीला चादरीत गुंडाळली आणि बाहेर पडले. तर मामा बेड्यात, कुंपणाच्या फाटकात, उभे. दोन्ही हात दोन खांबांना टेकवून वाट अडवलेली. खांद्यावर धुतलेला पंचा होता आणि बगलेत नारळ.

"चेडू असां जावक नको," ते म्हणाले.

"मामांनू, बाजूक होवा."

"शाप माथ्यार घेवन ती खाडी ओलांडूक नको. आधी माका राखणदाराकडे जावंदे. मी सांगतंय तेका, तो मी म्हणान. मगे खय होया थय व्हर तिका."

"आणि तोवर तिका आकडी इली तर?"

"म्हणानच सांगतंय मा, बाये."

माझ्या डोक्यात तिडीक गेली.  मी म्हटलं, "तुमच्या शिशान अर्धी मेली ती. आता वाट अडवन पुरी मारतास काय?"

असं मी कधी कोणाला बोलले नव्हते, आणि हा तर बापासारखा माणूस. त्यांचा चेहरा एकदम बारीक झाला. पण ते हलले नाहीत. "राखणदार वाटेरच आसा," एवढंच म्हणाले. "गाडी थय उभी करा. माणसां जमतत तोवर."

काय करणार? धक्का मारून जाणार होते थोडीच? जीपमध्ये बसले. मामा जीपच्या पुढे चालत निघाले आणि वाटेत प्रत्येक दारापुढे हाका मारत गेले. "येवा रे! राखणदाराकडे येवा!" दुपारची वेळ, कोणी जेवत होतं, कोणी जाळं शिवत होतं. मामांचा आवाज ऐकून सगळी तशीच उठून आली. मॅडम सारखी घड्याळ बघत होती. दर्शू माझ्या मांडीवर कण्हत होती, मधूनच तिच्या हाताला झटके बसत होते.

सुरंगीखाली माणसं जमली. जयवंत धावत आला. मामांनी दोन शब्दांत त्याला काय ते सांगितलं आणि त्याचं तोंड पडलं.

"तात्यानू, येडे झालास काय?" तो दबक्या आवाजात म्हणाला, पण जीपमध्ये मला सगळं ऐकू येत होतं. "आता कुठे कारखान्याचे अधिकारी बोलूक बसतत. हे भायर पडलां तर ते हसत सुटतले. म्हणतले, ह्यांचाच तांडेल विख घालता नि आमच्या नावान बोंबलता. थोडे दिस गप रवा. भट्टी बंद करा, पण तोंड उघडू नकात."

"तुझो कारखानो तू बघ, जयवंता."

"माझो कसलो? सगळ्या खाडयेचो आसा तो!"

"माझी नात त्या गाडयेत आसा," मामा म्हणाले, आणि त्याला बाजूला सारून दगडापुढे जाऊन उभे राहिले.

नारळ दोन्ही हातांत धरला. एरवी गाऱ्हाणं घालताना त्यांचा आवाज खाडीपलीकडे जायचा. त्या दिवशी तो जीपपर्यंत जेमतेम पोचत होता. लोक पुढे सरकले.

"बा राखणदारा म्हाराजा. त्या दिसा तुका सांगलंय, ज्येणी विख घातल्यान तेका सोडू नको. तो मी. भिकाजी सारंग. माझ्या भट्येचा पाणी, माझ्या हातान सोडलेलां. कारखान्याचा विख वेगळा, तेचो न्याय तू वेगळो कर. पण माझ्या नातीच्या पोटात गेलां ता माझां."

लोकांत कुजबुज झाली. एक म्हातारी "अरे देवा" म्हणून मटकन खाली बसली.

"माका कळूक नाय म्हाराजा. पण कळूक नाय म्हणान विख गोड होणा नाय. जा काय मी मागलंय, ता माझ्या माथ्यार घाल. पोर अजाण आसा, तिका सोड. तिच्या वाट्याचा मरण माका दी, रे म्हाराजा."

आणि ते थांबले. हुंकारासाठी थांबले.

कोणी तोंड उघडलं नाही. कसं उघडणार? ह्या माणसाने त्यांच्या पोरांना पोहायला शिकवलं होतं, बुडणाऱ्यांना बाहेर काढलं होतं. त्याच्या मरणाला "व्हय" कोण म्हणणार? जयवंताने मान वळवली. बायकांनी पदर तोंडाला लावले. मामा दगडाकडे तोंड करून उभे होते. त्यांची वाकलेली मान नि मानेवरचे पांढरे केस तेवढे मला जीपमधून दिसत होते. 

"म्हणा रे कोणतरी," मामा मागे न बघता म्हणाले. "म्हणा."

 जीपचं इंजिन घुरघुरत होतं. मॅडम माझ्या कानाशी म्हणाली, "वहिनी, काय चाललंय हे? निघायला हवं!" आणि तेवढ्यात दर्शू माझ्या हातांत ताठ झाली. तिचे डोळे वर गेले, दात आवळले गेले.

मी पोरीला छातीशी धरून जीपमधून खाली उतरले आणि ओरडले, "व्हय म्हाराजा!"

सगळी माणसं माझ्याकडे वळली. मामाही वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. उन्हातून आलेल्या माणसाला कोणी पाणी द्यावं तसा तो चेहरा झाला होता. त्यांनी नारळ दगडावर फोडला आणि हाताने मला निघायची खूण केली.

"जा गो बाये. आता जा."

दर्शू वाचली. गोव्याच्या दवाखान्यात आम्ही बरेच दिवस काढले, सुया टोचून टोचून पोरीचे हात काळेनिळे झाले, पण वाचली. मनगटातली ताकद थोडी कमीच राहिली. शाळेत अक्षरं उशिरा लागली, त्यासाठी मास्तरांच्या छड्या खाल्ल्या बिचारीने. आता लग्न होऊन कुडाळला असते, स्वतःचं शिवणकामाचं दुकान चालवते. तिला बघून कोणाला काही कळायचंसुद्धा नाही.

आम्ही परत आलो तेव्हा भट्टी मोडलेली होती. चरातला गाळ मामांनी खणून काढून मॅडमच्या माणसांच्या ताब्यात दिला होता. जयवंत म्हणाला तसंच झालं. कारखान्याची माणसं हसत सुटली, आणि फेस पुढे कितीतरी वर्षं येतच राहिला. त्याचं खापर काही लोकांनी मामांवर फोडलं. मामा कोणाला उलट बोलले नाहीत.

ते मरायची वाट बघत होते. खरंच सांगते. मुलाला बोलावून होडीची सगळी व्यवस्था लावली. बहिणीला शेवटचं भेटून आले. रोज रात्री झोपताना दर्शूच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि सकाळी उठले की स्वतःचंच नवल करायचे. आणि काय सांगू, त्या माणसाला साधं पडसं झालं नाही! पाऊस अंगावर घेतला, चिखलात घसरून पडले, साप पायावरून गेला, तरी धडधाकट. वाडीतली त्यांच्या बरोबरीची माणसं एकेक करून गेली आणि मामा आपले काठीशिवाय हिंडत राहिले.

दुसऱ्या कोणी ह्यात देवाची कृपा बघितली असती. मामा धास्तावले. दर्शूला जरा ताप आला, खोकला झाला, की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे.

"तिलू, एक खरा सांग. माका राग येवचो नाय."

"काय मामांनू?"

"त्या दिसा तू हुंकार दिलंस, तो मनापासून मा? का माझी सून म्हणान, आपलो तोंडदेखलो?"

त्यांना वाटायचं, मी त्यांच्या मायेपोटी तो शब्द वरवर म्हटला. म्हणून राखणदाराने त्यांना नेलं नाही. म्हणून ते मरण अजून मोकळं हिंडतंय आणि एक दिवस दर्शूच्या दारात येईल.

"मनापासून म्हटलंय, मामांनू," मी सांगायची.

"शपथ?"

"शपथ."

मग त्यांचा जीव खाली बसायचा. चहा मागायचे, दोन घोट पिऊन ओसरीवर जाऊन बसायचे. पुन्हा काही महिन्यांनी तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

वाडीत सगळे म्हणायचे, तिलोत्तमेने पोरीसाठी काळजावर दगड ठेवला. नवरा म्हणाला, गाडी सुटावी म्हणून बोललीस, त्यात काय एवढं. मॅडम शिकलेली, तिला वाटलं मी म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरवायला तसं म्हटलं. मी कोणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. पण शपथ काही खोटी घेत नव्हते मी. जीपमधून उतरले तेव्हा पोर हातात लाकडासारखी झाली होती आणि समोर ती वाकलेली मान दिसत होती. हा माणूस इथेच कोसळावा, ह्याच पावली मरावा, असं मला पोटातून वाटलं होतं. ज्याने मला मुलीसारखं वागवलं, त्याचं मरण मी मागितलं आणि ते मला हवं होतं. संध्याकाळी दर्शूने डोळे उघडून "आजो खय?" विचारलं तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पण तो शब्द त्याच्या आधीच गेला होता.

शेवटी मामा गेले ते चांगले पिकून, अंथरुणात, घरच्या माणसांत. दर्शू आली होती, तीच त्यांना चमच्याने पेज भरवत होती. दुपारी त्यांनी तिला बाहेर पाठवलं आणि मला हाताने जवळ बोलावलं. आवाज अगदी क्षीण झाला होता, मला कान तोंडाशी न्यावा लागला.

"तिलू. मनापासून?"

"मनापासून, मामांनू."

त्यांनी डोळे मिटले. मग चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बरां केलंस गो बाये. तुझ्यामुळे चेडू वाचलां. देव तुझा बरां करांदे."

मी मान खाली घालून तो आशीर्वाद घेतला.